इंग्रजीच्या गुरुजींचं स्वतःचं इंग्रजी

गोष्ट २००० सालच्या पावसाळ्यातली आहे. त्या वर्षी जूनपासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. प्रा. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. त्याआधी मराठी शाळेतल्या मुलाची इंग्रजीशी गाठ पडायची ती पाचवीत. मी त्या वेळी अकोला जिल्ह्यातल्या एका लहान गावी जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो. पाचवी-सहावीचं इंग्रजी माझ्याकडे होतंच, त्यात आता पहिलीचीही भर पडली.

सहावीचा तास सुरू होता. माझी पद्धत ठरलेली. एक वाक्य इंग्रजीत वाचायचं, त्याचा अर्थ मराठीत सांगायचा, कठीण शब्द फळ्यावर लिहायचे आणि मुलांनी ते वहीत उतरवायचे. धडा संपला की खालचे प्रश्न, आणि त्यांची उत्तरंही मीच सांगायची. अशा तासाला वर्ग शांत असतो, त्यामुळे शिकवणं चांगलं चाललंय असं मास्तरलाही वाटतं. त्या दिवशी दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, "सर, मराठीच्या तासाले तुम्ही मराठी बोलता, मंग इंग्रजीच्या तासाले इंग्रजी काहून नाही बोलत?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, "तुम्हाला समजणार नाही, म्हणून." ती खाली बसली.

माझं उत्तर खोटं होतं. मला इंग्रजी बोलता येत नव्हतं, हे खरं कारण होतं. वाचता येत होतं, व्याकरणाचे नियम पाठ होते, कर्तरीचं कर्मणी झोपेतही करून दाखवलं असतं. पण "खिडकी उघड, बाहेर बघ, पाऊस थांबला का सांग," एवढं सरळ इंग्रजीत म्हणायचं तर माझी जीभ अडखळत होती. तेव्हा मी चाळिशीत होतो. त्या मुलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर शोधण्यात माझी पुढची बरीच वर्षं गेली. त्या शोधात जे हाती लागलं, ते आज आपल्यापुढे मांडतो. इंग्रजीच्या शिक्षकाला कशाची मदत होते आणि कशाची होत नाही, हा प्रश्न शिक्षकांपुरताच आहे असं वाटेल. पण ज्यांची मुलं गावच्या शाळेत शिकतात, त्या प्रत्येक घराचा तो प्रश्न आहे.

शिक्षक शिकला कसा?

माझ्या पिढीचा मास्तर इंग्रजी शिकला तो तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून, वीरकरांच्या डिक्शनरीतून आणि गाइडांमधून. यात नाव ठेवण्यासारखं काही नाही. तर्खडकरांच्या पुस्तकानं कितीतरी मराठी माणसांना इंग्रजीचा पाया दिला. पण भाषांतर हा कागदावरचा व्यवहार आहे. त्यात विचार करायला वेळ मिळतो, खोडता येतं, कुणी ऐकत नसतं. वर्गात मात्र चाळीस मुलं तोंडाकडे बघत असतात. तिथं लागणारी भाषा वेगळी, आणि ती आम्हाला कुणी दिलीच नव्हती. शिक्षक होताना आम्ही पाठ घेतले ते टाचणाच्या वहीसाठी. उद्दिष्ट, स्पष्टीकरण, मूल्यमापन असे रकाने भरले. आमचं स्वतःचं इंग्रजी कसं आहे, हे कुणी विचारलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही.

सोय करायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. इंग्रजी शिकवणाऱ्यांना तयार करण्यासाठी १९५८ साली हैदराबादला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश निघाली. १९७२ मध्ये तिच्यात परदेशी भाषाही आल्या आणि २००७ मध्ये तिचं केंद्रीय विद्यापीठ झालं. आपल्या राज्यात हे काम औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, राज्य आंग्ल भाषा शिक्षण संस्थेकडे होतं. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. त्यांना आपण 'डाएट' म्हणतो. अकोल्यात आहे, अमरावतीतही आहे. त्याखाली तालुक्याचं गट साधन केंद्र आणि त्याखाली दहा-बारा शाळांचं केंद्र, त्याचे केंद्रप्रमुख. कागदावर पाहिलं तर राज्याच्या तज्ज्ञापासून आमच्या दोन खोल्यांच्या शाळेपर्यंत सरळ वाट आहे.

या वाटेवर काय होतं, हे समजायला कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याला विचारावं. धरण भरलेलं असतं, कालवा सुटलेला असतो, पण टेलच्या शेतात पाणी पोचतं ते ओल दाखवण्यापुरतं. वाटेत झिरपतं, फुटतं, वळतं. आमच्या प्रशिक्षणाचं तेच व्हायचं. वरच्या तज्ज्ञानं राज्यस्तरावर काही जणांना शिकवलं, त्यांनी जिल्ह्यात, जिल्ह्यातल्यांनी तालुक्यात, तालुक्यातल्यांनी आम्हाला. वर जे दहा दिवसांत सांगितलं, ते खाली येता येता तीन दिवसांवर यायचं. वर करून दाखवलेलं असायचं, खाली नुसतं वाचून दाखवलं जायचं. आणि इंग्रजी कसं शिकवावं याचं ते सगळं प्रशिक्षण चालायचं मराठीत!

मी अशा कितीतरी प्रशिक्षणांना बसलो. तिथून परतताना एक घडीपुस्तिका, दोन-चार बालगीतं आणि प्रवासभत्त्याचा फॉर्म हाती असायचा. पहिलीच्या वर्गात ती गीतं उपयोगी पडली, हे मान्य करतो. मुलं टाळ्या वाजवून नाचून म्हणायची. पण चौथ्या दिवशी पुढे काय, हे मला माहीत नसायचं. विचारायला कुणी नव्हतं. प्रशिक्षण देऊन गेलेला माणूस पुन्हा कधी वर्गात डोकावून, "तुझं कसं चाललंय?" असं विचारत नाही. या सगळ्या व्यवस्थेत मला सर्वांत मोठी उणीव वाटली ती हीच.

रेडिओ, कोश आणि वीस वाक्यं

त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी आधी माझ्यापुरता मार्ग काढला. आमच्या घरी मर्फीचा जुना रेडिओ होता. बीबीसीनं परभाषकांसाठी रेडिओवरून इंग्रजीचे पाठ १९४३ सालीच सुरू केले होते. अमेरिकेच्या व्हॉइस ऑफ अमेरिकेनं १९५९ पासून 'स्पेशल इंग्लिश' नावाच्या बातम्या दिल्या. साधारण दीड हजार शब्दांत, संथ गतीनं वाचलेल्या. शॉर्टवेव्हवर खरखर असायची, तरी मी रात्री त्या लावायचो आणि निवेदकामागे वाक्य पुटपुटायचो. घरचे म्हणायचे, "हे पोथी वाचून राहिले का?" पण वर्षभरात कान तयार झाला. वेस्ट म्हणजे पश्चिम आणि व्हेस्ट म्हणजे बनियन, या दोन शब्दांच्या सुरुवातीला वेगळे आवाज आहेत, हे मला वयाच्या चाळिसाव्या वर्षी ऐकू आलं! मराठीत दोन्हींना आपला एकच 'व'. जे ऐकूच येत नाही, ते मी मुलांना कसं शिकवणार होतो?

मुलांसाठीही रेडिओचा असा उपयोग झालेला आहे. पुण्याच्या 'सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस' या संस्थेनं 'वी लर्न इंग्लिश' हे रेडिओचे पाठ तयार केले. अशा पाठात निवेदक प्रश्न विचारतो आणि थांबतो. त्या रिकाम्या जागेत वर्गानं मोठ्यानं उत्तर द्यायचं, मग रेडिओ बरोबर उत्तर सांगतो. ऐकणं आणि बोलणं दोन्ही होतं. शिवाय याचा एक फायदा कुणी सहसा बोलून दाखवत नाही. मुलांबरोबर शिक्षकही उत्तर देतो आणि त्याची लाज राहते. त्याचंही इंग्रजी त्या तासात सुधारतं.

दुसरी मदत झाली कोशाची. आपल्याला इंग्रजी-मराठी कोशाची सवय. त्यात शब्दाचा अर्थ मिळतो, पण तो वाक्यात कसा बसवायचा ते कळत नाही. ए. एस. हॉर्नबी हा इंग्रज शिक्षक जपानमध्ये इंग्रजी शिकवत होता. परक्या मुलांना नेमकं काय अडतं, हे त्यानं रोज पाहिलं. दोन सहकाऱ्यांसह त्यानं शिकणाऱ्यांसाठी खास कोश केला. तो १९४२ साली टोकियोत निघाला, पुढे १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं छापला आणि जगभर गेला. या कोशात क्रियापदापुढे काय येतं, याचे नमुने दिलेले असतात. "त्यानं मला जायला सुचवलं" हे आपण सरळ उलथून "ही सजेस्टेड मी टु गो" म्हणतो. "शेतीबद्दल चर्चा केली" म्हणून "डिस्कस्ड अबाउट" म्हणतो. दोन्ही चूक. 'सजेस्ट'पुढे 'दॅट' घालून पूर्ण वाक्य येतं आणि 'डिस्कस'पुढे 'अबाउट' लागत नाही. वीस वर्षं मी हेच चुकीचं शिकवत होतो. एका वर्गशिक्षकानं केलेल्या कोशानं मला ते दाखवलं, म्हणून त्याच्याबद्दल मला विशेष आदर आहे.

तिसरी गोष्ट अगदी साधी. वर्गात रोज लागणारी वीस वाक्यं मी एका कागदावर लिहिली. वह्या काढा, जोडीनं बसा, पुन्हा सांग, कुणाला पेन्सिल हवी, अजून दोन मिनिटं. ही वाक्यं वर्गात फक्त इंग्रजीतच बोलायची, असं ठरवलं. पहिल्या आठवड्यात मुलं गोंधळली. मी हातवारे करायचो. महिन्याभरात हातवारे थांबले. दिवाळीनंतर मुलं आपापसात "गिव्ह मी युवर रबर" म्हणू लागली. एवढ्या वीस वाक्यांना ना कंप्यूटर लागला, ना अनुदान.

मूर्तिजापूरचा रविवार

पण एकट्यानं किती दिवस चालणार? माणूस थकतो, पुन्हा जुन्या वाटेला लागतो. मीही लागलो असतो. त्याच सुमारास एका प्रशिक्षणात अमरावती जिल्ह्यातले दोघे-तिघे भेटले. जेवणाच्या सुट्टीत बोलता बोलता कळलं, की सगळ्यांचं दुखणं एकच आहे. सगळे इंग्रजी शिकवतात आणि सगळ्यांना बोलायची भीती वाटते. मग ठरलं, की महिन्यातून एका रविवारी भेटायचं. अकोला आणि अमरावती यांच्या मधलं गाव म्हणून मूर्तिजापूर निवडलं. कुणी एसटीनं यायचं, कुणी पॅसेंजरनं. अंजनगावकडचा एक मित्र तेव्हा सुरू असलेल्या शकुंतला रेल्वेनं यायचा. ती कधी पोचेल याचा नेम नसायचा, म्हणून त्याची पाळी नेहमी शेवटी ठेवायचो.

आम्ही सहा-सात जण होतो. नाव नाही, अध्यक्ष नाही, पावतीपुस्तक नाही. नियम दोनच. पहिला, दोन तास इंग्रजीतच बोलायचं, चुकलं तरी. दुसरा, प्रत्येकानं या महिन्यात वर्गात जे फसलं ते सांगायचं. यशाच्या गोष्टी चहाच्या वेळी. हा दुसरा नियम एका बाईंनी सुचवला होता आणि तोच आम्हाला तारून गेला. शिक्षकांच्या बैठकीत सगळे आपला उपक्रम किती छान झाला हेच सांगतात. ऐकणारा मान हलवतो आणि मनातून खट्टू होऊन घरी जातो. फसलेलं सांगायला लागलो, तेव्हा पहिल्यांदा खरं बोलणं सुरू झालं.

पुढे २०१६ मध्ये राज्य शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी मिळून 'तेजस' नावाचा प्रकल्प राज्यातल्या नऊ जिल्ह्यांत सुरू केला. त्यात शिक्षकांचे गट ठरावीक काळानं एकत्र बसत, एखादी नवी कृती करून पाहत, वर्गात वापरत आणि पुढच्या भेटीत तिच्याबद्दल बोलत. त्याबद्दल वाचलं तेव्हा मला आनंद झाला. आम्ही जे गरजेपोटी करत होतो, त्याला आता योजनेचं रूप मिळालं होतं. एकदाच्या दहा दिवसांपेक्षा महिन्याचे दोन-तीन तास, पण वर्षानुवर्षं, हे शिक्षकाला जास्त उपयोगी पडतं. कारण मधल्या तीस दिवसांत त्याला करून पाहायला वर्ग मिळतो, आणि अडलं तर पुढच्या रविवारी विचारायला माणूस मिळतो.

मूर्तिजापूरच्या त्या बैठकांमध्येच मला एन. एस. प्रभू यांचं नाव कळलं. या भारतीय अध्यापकानं १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि दक्षिण भारतातल्या इतर काही ठिकाणच्या साध्या शाळांमध्ये एक प्रयोग केला. व्याकरण शिकवायचंच नाही, मुलांना कोडं द्यायचं. नकाशा, वेळापत्रक, दुकानाची यादी. आधी शिक्षक एक कोडं सगळ्यांसमोर इंग्रजीत बोलत बोलत सोडवणार, मग तसंच दुसरं मुलांनी आपलं आपण सोडवायचं. लक्ष उत्तराकडे आणि भाषा आपोआप कानावरून, जिभेवरून जाते. आमच्या एका मित्रानं रेल्वेच्या वेळापत्रकातली एक पट्टी फळ्यावर काढली. अकोल्याहून निघून दुपारी दोनच्या आत बडनेऱ्याला पोचायचं, तर कोणती गाडी? ज्या मुलांनी वर्षभर तोंड उघडलं नव्हतं, ती "नॉट धिस ट्रेन सर, लेट, लेट!" म्हणून ओरडू लागली. वाक्य अर्धवट होतं, पण ते त्यांचं स्वतःचं होतं.

त्याच प्रभूंनी १९९० मध्ये एका लेखात असं मांडलं, की सर्वोत्तम अशी एकच अध्यापन पद्धत नसते. शिक्षकाला आपण करतोय त्यात अर्थ वाटतो का, की तो नुसती सवयीनं गाडी ओढतोय, याला महत्त्व आहे. मला हे फार पटलं. भाषांतर पद्धत वापरणाराही चांगला शिक्षक असू शकतो. वाईट शिक्षक तो, ज्याला आपण काय करतोय हे पाहायची इच्छा उरलेली नाही. त्या मुलीनं विचारलं तेव्हा मी तसाच झालो होतो.

आपल्या घरचं साहित्य

साधनं नाहीत, ही आमची नेहमीची तक्रार. पण वऱ्हाडातलं खेडं इंग्रजी शब्दांनी भरलेलं आहे. मोटर, स्टार्टर, पंप, डोस, स्प्रे, ग्रेड, जिनिंग, प्रेसिंग, क्विंटल. हे शब्द शाळेत न गेलेला माणूसही वापरतो. बीटी कापूस २००२ मध्ये आला, तेव्हापासून गावात बियाण्याच्या पाकिटांचे ढीग पडू लागले. मी मुलांना रिकामी पाकिटं घेऊन यायला सांगितलं. 'नेट वेट' किती? 'जर्मिनेशन' किती टक्के? 'डेट ऑफ टेस्ट' कोणती आणि 'व्हॅलिड अपटू' कधीपर्यंत? एका मुलानं घरून आणलेलं पाकीट वाचता वाचता त्याची मुदत संपलेली असल्याचं शोधून काढलं. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत आले. मला वाटलं, आता तक्रार येते. ते म्हणाले, "मास्तर, हे असंच शिकवत जा."

औषधांचे डबे मात्र मी कधी आणू दिले नाहीत. त्यांच्यावरचा चौकोन मी फळ्यावर काढला. लाल आणि पिवळ्या रंगाबरोबर 'पॉयझन', निळ्याबरोबर 'डेंजर', हिरव्याबरोबर 'कॉशन'. तीन शब्द आणि चार रंग. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतमजूर दगावले. त्याची कारणं अनेक होती आणि केवळ लेबल वाचता आलं असतं तर ते वाचले असते, असं म्हणणं बरोबर नाही. पण हा धडा मी त्यानंतर कधी गाळला नाही.

सर्वांत जवळचं साधन म्हणजे मुलाची स्वतःची बोली. आम्ही वर्षानुवर्षं तिला शुद्ध करण्यात घालवली. इंग्रजीचा चालू वर्तमानकाळ शिकवताना प्रमाण मराठीत "तो जातो" आणि "तो जात आहे" यात मुलं घोळ करतात, कारण बोलताना "तो जातो" दोन्हीकडे चालून जातं. वऱ्हाडीत तसं नाही. "बाबा रोज चहा पितात" ही सवय झाली आणि "बाबा चहा पिऊन राहिले" म्हणजे या क्षणी कप हातात आहे. जिथं "राहिले" येतं, तिथं इंग्रजीत 'इज' आणि क्रियापदाला 'इंग'. काल असेल तर "पिऊन राहिले होते", म्हणजे 'वॉज' आणि 'इंग'. हे सांगितलं, की एका तासात काळ समजतो. अर्थात कुंपण कुठं आहे तेही सांगावं लागतं. "समजून राहिलं का?" असं आपण म्हणतो, पण इंग्रजीत समजणं, माहीत असणं, आवडणं यांना साधारणपणे 'इंग' लावत नाहीत. जिथं दोन भाषांचं जमत नाही, तिथंच थांबून शिकवायचं.

मेळघाटात हा प्रश्न आणखी खोल जातो. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या कोरकू मुलाच्या घरची भाषा कोरकू. ती मुंडा कुळातली, संताळी-मुंडारीच्या नात्यातली. मराठीशी तिचा वंशसंबंध नाही. त्या मुलासाठी मराठी हीच पहिली परकी भाषा आणि इंग्रजी त्यापुढची. तिथं शिक्षक इंग्रजीचा अर्थ मराठीत सांगतो, तेव्हा तो एका कुलपाची किल्ली दुसऱ्या कुलपात ठेवतो. आमच्या गटात येणारे तिकडचे एक सर चित्रं, वस्तू आणि कृती यांवरच भर द्यायचे आणि शंभरेक कोरकू शब्द स्वतः शिकले होते. ते म्हणायचे, "मी त्यांची भाषा चुकत चुकत बोलतो, म्हणून ती पोरं माझी भाषा चुकत चुकत बोलायला घाबरत नाहीत." शिक्षक प्रशिक्षणावर याहून चांगलं वाक्य मी ऐकलेलं नाही.

हे कशासाठी?

इतका खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. माझा एक विद्यार्थी बारावीला उत्तम गुण मिळवून अकोल्याला शिकायला गेला. पहिल्या सहामाहीत नापास होऊन परत आला. विषय त्याला कळत होता, पुस्तकाची भाषा कळत नव्हती. "सर, गाइड पाठ करून पास झालो होतो," तो म्हणाला. ते गाइड त्याच्या हाती देणाऱ्यांत मीही होतो. देशभरातल्या ग्रामीण मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालानुसार २०२२ मध्ये पाचवीतल्या साधारण चारांतल्या एकाच मुलाला इंग्रजीतली सोपी वाक्यं वाचता येत होती. मग पालक काय करतात? पोटाला चिमटा घेऊन सकाळच्या पिवळ्या गाडीत मुलाला बसवतात आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळेत धाडतात. गावच्या शाळेचा पट घटतो, शिक्षकाचं पद जातं, आणि शाळेत उरतात ती ज्यांना गाडीचे पैसे देता येत नाहीत अशा घरची मुलं. त्यांच्यासाठी गावचा शिक्षकच इंग्रजीचा एकमेव माणूस असतो. त्याचं इंग्रजी हीच त्यांची मर्यादा ठरते.

आता काळ बदलला आहे. २०१७ मध्ये शिक्षकांसाठी 'दीक्षा' हे व्यासपीठ आलं. मोबाइलवर धडे आहेत, चित्रफिती आहेत, जगभरचे उच्चार आहेत. मला शॉर्टवेव्हच्या खरखरीतून जे वेचावं लागलं, ते आजच्या शिक्षकाच्या खिशात आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाची संधी मिळावी असं म्हटलं आहे. हे चांगलंच आहे. पण पडद्यावर बोट सरकवत शेवटापर्यंत जायचं आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं, असेही ५० तास भरतात. मी स्वतः निवृत्तीपूर्वी असं एक प्रमाणपत्र मिळवलं. त्यात नेमकं काय होतं, ते आज आठवत नाही. मूर्तिजापूरचे रविवार मात्र एकेक आठवतात.

म्हणून मला वाटतं, त्या ५० तासांतले निम्मे तरी तास शिक्षकांनी शिक्षकांसोबत बसून, एकमेकांचं ऐकून घालवावेत. केंद्राच्या शिक्षण परिषदेत परिपत्रकं वाचून झाली, की एक तास फक्त इंग्रजीत बोलण्यासाठी ठेवावा. मुख्याध्यापकांनी शाळेच्या कपाटात एक चांगला कोश ठेवावा आणि कपाटाला कुलूप लावू नये. शिक्षक चुकत इंग्रजी बोलला तर पालकांनी हसू नये, कारण तो मुलांना चुकत शिकायची मोकळीक देत असतो. आणि जो तरुण शिक्षक आज माझ्यासारखा एकटा आहे, त्यानं शेजारच्या गावच्या शिक्षकाला फोन करावा. दोघंही चालतील. सुरुवातीला आम्हीही तिघंच होतो.

त्या मुलीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. सातवीनंतर ती दुसऱ्या गावी गेली. पण त्याच वर्षी, परीक्षेच्या आधी, मी त्या वर्गात तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं. "मला येत नव्हतं, मी शिकतोय, तुम्हीही शिका," असं सांगितलं. इंग्रजीतच सांगितलं. त्यात दोन चुका झाल्या, त्या मला नंतर कळल्या. त्या दिवशी मात्र वर्गात कुणी हसलं नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)